शुगर वाढलेली असताना ऑपरेशन: छातीला धोका कशामुळे, आणि मिळालेल्या महिन्यात काय करायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. आईचं वय साठीच्या आसपास, कसलं व्यसन नाही, पित्ताशयात खडे, ऑपरेशनची तारीख ठरलेली. आदल्या दिवशी तपासणीत उपाशीपोटीची शुगर २८० च्या वर निघाली, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) १०.४. सर्जननी ऑपरेशन महिनाभर पुढे ढकललं. भाऊ लिहितात, "खडे पोटात, शुगर रक्तात, मग काऊन थांबवलं? आमच्या शेजारच्या काकाजीचं ऑपरेशन चांगलं झालं, पण पाचव्या दिवशी न्यूमोनिया झाला अन् ते गेले. त्यांनाही शुगर होती. आता आईचं करायचं की नाही? अन् हा महिना नुसता वाट पाहण्यात घालवायचा का?"

भाऊ, मी भूलतज्ज्ञ आहे, विदर्भातच तालुक्याच्या ठिकाणी काम करतो. तुमच्या सर्जननी बरोबर केलं. खडे शांत असतील, ताप-कावीळ नसेल, तर महिनाभर थांबून काही बिघडत नाही. पण हा महिना वाट पाहण्याचा नाही. शुगर आणि छाती, दोन्हींची तयारी या महिन्यात एकत्रच करायची असते, आणि त्यातलं बहुतेक काम दवाखान्यात नाही, तुमच्या घरी होतं.

आधी शुगरचा फुफ्फुसाशी संबंध कसा येतो ते सांगतो, कारण हे समजलं की पुढची पथ्यं जाचक वाटत नाहीत.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला पाण्याचा अगदी पातळ थर असतो. निरोगी माणसात त्या थरातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दहापट कमी असते. शरीर ती मुद्दाम कमी ठेवतं, कारण जिथे साखर नाही तिथे जंतूंना खायला काही मिळत नाही. रक्तातली शुगर वाढून राहिली की ती या थरात झिरपायला लागते. स्टॅफिलोकोकस, स्युडोमोनास यांसारखे जंतू, जे दवाखान्यातल्या न्यूमोनियात आम्हाला वारंवार दिसतात, ते या साखरेवर वाढतात. दुसरी गोष्ट, जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या शुगरमध्ये मंदावतात. संसर्गाच्या जागी उशिरा पोचतात, जंतू नीट गिळत नाहीत, गिळला तरी पूर्ण मारत नाहीत. दोनशेच्या पुढे हा परिणाम चांगलाच जाणवतो. म्हणजे एकीकडे जंतूंना खाद्य आणि दुसरीकडे राखणदार सुस्त.

यात ऑपरेशनची भर पडते. भुलीत माणूस आडवा पडून असतो, फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या हवेच्या पिशव्या मिटतात. पित्ताशयाचं ऑपरेशन श्वासाच्या पडद्याच्या अगदी खाली होतं. तिथे दुखत असलं की माणूस वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. मिटलेल्या भागात कफ साचतो. जुन्या मधुमेहात जठरही हळू रिकामं होतं, त्यामुळे पोटातलं पाणी-अन्न वर येऊन श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. आणि ऑपरेशनच्या ताणाने शरीर कॉर्टिसोल, अॅड्रेनालिन सोडतं, त्याने शुगर आणखी चढते. ज्यांना मधुमेह नाही त्यांचीही चढते. उलटी होऊ नये म्हणून आम्ही कधी कधी डेक्सामेथासोन देतो, त्यानेही दिवसभर शुगर वर राहते. म्हणून २८० वर असलेलं माणूस टेबलावर घेतलं तर ऑपरेशननंतरच्या रात्री आकडा कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

काकाजींच्या बाबतीत नेमकं काय झालं ते कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. पण "ऑपरेशन चांगलं झालं आणि नंतर न्यूमोनिया झाला" या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबाबत खऱ्या असू शकतात. हा न्यूमोनिया बहुधा पहिल्या पाचेक दिवसांत डोकं वर काढतो. टाके, जखम सगळं ठीक दिसत असतं, म्हणून घरच्यांचं लक्षच छातीकडे जात नाही.

आता महिनाभरात काय करायचं ते.

शुगरचं उद्दिष्ट डॉक्टरकडून आकड्यात मागून घ्या. बहुतेकांसाठी उपाशीपोटी १३० च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १८० च्या आत हे चांगलं उद्दिष्ट आहे. वय जास्त असेल, किडनी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर थोडं सैल ठेवतील. न घाईच्या ऑपरेशनसाठी एचबीएवनसी ८ च्या खाली असलेलं बरं. ८ म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर १८० च्या थोडी वर, आणि तुमच्या आईचा १०.४ म्हणजे सरासरी अडीचशेच्या आसपास. महिन्याभरात हा आकडा ८ वर येणार नाही, तो हळूच उतरतो. त्याने निराश होऊ नका. रोजच्या शुगर तीन-चार आठवडे आटोक्यात राहिल्या तर आम्ही तेच जास्त धरतो. एका वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहीत चला आणि भूलतपासणीला ती वही घेऊन या. फाइलमधल्या दहा रिपोर्टांपेक्षा ती मला जास्त कामाची असते.

आपल्या भागासाठी एक गोष्ट ठळक सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाची एचबीएवनसी फसवी असते, खरी शुगर वाढलेली असूनही आकडा कमी येऊ शकतो. लाल पेशी लवकर तुटल्या की त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरला आधीच सांगा, म्हणजे बोटाच्या शुगरवर भर देता येतो.

बोटाच्या शुगरबद्दल. सुई टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. आपल्याकडे हिवाळ्यात घरोघरी संत्रं सोललं जातं. त्या हाताने तपासलं तर बोटावरच्या रसामुळे आकडा कितीतरी जास्त येतो. नुसतं स्पिरिटचा बोळा फिरवून ती साखर नीट जात नाही. असा खोटा ३०० पाहून कुणी इन्सुलिन वाढवलं तर शुगर धोकादायक खाली जाईल. पट्ट्यांची डबी उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात, खिडकीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्या मे महिन्यात त्या खराब होतात. फ्रीज नसेल तर इन्सुलिन मातीच्या ओल्या मडक्यात, पिशवीत गुंडाळून, सावलीत ठेवा.

डॉक्टरने इन्सुलिन सुरू करायला सांगितलं तर घाबरू नका. "एकदा लागलं की सुटत नाही" हे गावात फार ऐकू येतं, आणि त्यापायी लोक महिना वाया घालवतात. ऑपरेशनसाठी लावलेलं इन्सुलिन जखम भरल्यावर अनेकांचं बंद होतं. शुगर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, चक्कर आली, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. हे घरात दोघांना तरी माहीत हवं. आईला गिळता येत नसेल इतकी सुस्ती आली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी घेऊन या, नुसतं "पांढरी गोळी, सकाळी" सांगू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या जेनेरिक आल्यापासून तालुक्याच्या मेडिकलमध्येही सहज मिळतात. त्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात. नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं, दम लागतो, आणि तो दम छातीच्या संसर्गाचा की या आम्लाचा हे ओळखणं अवघड जातं. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळी देत नाहीत. लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र पूर्ण बंद करायचं नसतं, मात्रा कमी करून देतात. किती, हे तुमचा डॉक्टर ठरवेल. स्वतःच्या मनाने काही थांबवू नका.

आणि एक लपवून ठेवली जाणारी गोष्ट: सांधेदुखीच्या पुड्या. आठवडी बाजारात किंवा कुणा वैदूकडून आणलेली, घेतली की तासाभरात गुडघे मोकळे करणारी पुडी असेल तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता असते. कितीही पथ्य करा, शुगर उतरतच नाही, याचं हे एक कारण असतं. अशी पुडी बरेच महिने चालू असेल तर भुलीत रक्तदाब अचानक कोसळू शकतो. आई घेत असेल तर मला रागवायचं नाहीये, फक्त माहीत हवं. ती एकदम बंदही करू नका.

आता छाती. तुम्ही लिहिलंय की आईला कसलं व्यसन नाही. पण तिने चाळीस वर्षं चुलीवर भाकरी केल्या असतील तर तिची फुफ्फुसं विडी ओढणाऱ्या माणसासारखी झालेली असू शकतात. चढ चढताना दम, हिवाळाभर खोकला, सकाळी कफ, यातलं काही असेल तर आत्ताच तपासून इनहेलर सुरू करायला महिना पुरेसा आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडक्याची टीबी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती टाळू नका. मधुमेहात टीबीचा धोका दोन ते तीन पट असतो, आणि छातीत टीबी असताना भूल देणं आम्हाला नको असतं. घरात सिलिंडर असेल तर निदान या महिन्यात तिला चुलीपासून दूर ठेवा.

खर्ऱ्याबद्दल (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) स्पष्ट बोलतो, कारण आपल्याकडे तो बायका-पोरांपर्यंत पोचलाय. खर्ऱ्याने तोंड आखडतं. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालायला तोंड नीट उघडावं लागतं. दोन बोटंही आत जात नाहीत अशा रुग्णात ते काम जोखमीचं होतं, आणि धडपडीत लाळ-कफ खाली उतरू शकतो. शिवाय तंबाखू-सुपारीने घाण झालेल्या हिरड्यांतले जंतूच पुढे फुफ्फुसात जातात. खर्रा, गुडाखू, विडी, जे असेल ते आजपासून बंद. चार आठवडे मिळाले तर श्वासनलिका बऱ्याच सावरतात. आणि सकाळ-संध्याकाळ ब्रश. ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. हा न्यूमोनिया टाळण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

श्वासाचे व्यायाम आधी शिकून घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या ऑपरेशनच्या ४४१ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने फक्त अर्धा तास बसवून शिकवलं: दीर्घ श्वास कसा घ्यायचा, खोकला कसा काढायचा, आणि हे केलं नाही तर काय होतं. बाकीच्यांना नुसतं माहितीपत्रक दिलं. शिकवलेल्यांत छातीच्या तक्रारी १२ टक्के, न शिकवलेल्यांत २७ टक्के. महागडं औषध नाही, यंत्र नाही. दुर्बिणीतून होणाऱ्या ऑपरेशनमध्ये दुखणं कमी, त्यामुळे धोका मुळातच कमी असतो, पण दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन कधी कधी पोट उघडून पूर्ण करावं लागतं, म्हणून तयारी तीच ठेवायची.

पद्धत अशी. खुर्चीवर ताठ बसायचं, नाकाने हळूहळू पूर्ण श्वास घ्यायचा, तीन ते पाच सेकंद धरायचा, सोडायचा. असे दहा. मग पोटावर उशी घट्ट दाबून दोनदा जोरात खोकायचं. श्वासाच्या व्यायामाचं तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं यंत्र (स्पायरोमीटर) आणलं असेल तर लक्षात ठेवा, त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. वॉर्डात फेरी मारताना दर वेळी कुणीतरी फुगा फुगवल्यासारखं फुंकताना दिसतं आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून यंत्र खराब आहे असं सांगतं. ओठ नळीभोवती घट्ट लावून हळू ओढायचं. झटक्यात तिन्ही गोळ्या वर उडवण्यापेक्षा एकच गोळी तीन सेकंद वर धरून ठेवणं फायद्याचं. आणि ते यंत्र नसलं तरी काही अडत नाही. दीर्घ श्वास, खोकला आणि चालणं ही खरी औषधं आहेत.

ऑपरेशनच्या दिवशी मधुमेही माणसाचा नंबर सकाळी पहिला लागावा असा आग्रह धरा. जेवण सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. "आदल्या संध्याकाळपासून काहीच द्यायचं नाही" हे मधुमेह्याला त्रासाचं होतं. तरी जुन्या मधुमेहात जठर मंद असेल, पोट फुगत असेल, तर वेळा बदलतात, म्हणून आम्हाला विचारून घ्या. ऑपरेशन चालू असताना आणि नंतर आम्ही शुगर साधारण १४० ते १८० च्या दरम्यान ठेवतो. तिला ओढून ९०-१०० वर आणायची नसते. २००९ साली नाईस-शुगर नावाच्या मोठ्या अभ्यासात आयसीयूतल्या सहा हजारांवर रुग्णांत हे तपासलं गेलं: अगदी काटेकोर शुगर ठेवलेल्यांत ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के, आणि १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांत २४.९ टक्के. म्हणून आकडा १६५ दिसला तर काळजी करू नका, नर्सताईंना भंडावू नका. २२० दिसला आणि कुणी काही केलं नाही, तर मात्र जरूर विचारा.

सलाईनबद्दलही विचारत जा. अशक्तपणा वाटला की नातेवाईक "एक बाटली लावा" म्हणतात. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. इन्सुलिनसोबत ती मुद्दाम दिली जाते तेव्हा ती गरजेची असते. मागणी करून लावून घ्यायची गोष्ट ती नाही. भेटायला येणाऱ्यांची पिशवीही तपासा. ज्यूस, ग्लुकोज बिस्किटं, गुळाचा चहा, नारळपाणी, सगळं प्रेमानेच येतं. डॉक्टरने खायला परवानगी दिली की मुगाचं वरण, मऊ भाकर, दही, अंडं चालत असेल तर अंडं द्या. जखमेला आणि छातीलाही प्रथिनं लागतात.

त्याच संध्याकाळी आईला पाठीला आधार देऊन बसवा, पलंगाचं डोकं वर करा, आणि सर्जननी हो म्हटलं की आधार देऊन उभं करा. दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालणं. आपल्याकडे घरची माणसं मायेपोटी "पडून राहा" म्हणतात, आणि म्हाताऱ्या बायका दुखलं तरी बोलत नाहीत. दुखणं अंगावर काढू देऊ नका. दुखत असेल तर ती खोकणार नाही, आणि दुखण्याने शुगरही चढते. वेदनेची गोळी वेळेवर मागून द्या.

तुम्हाला पाहायचं आहे ते हे: ती शांत पडलेली असताना पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. चोवीसच्या वर श्वास, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९४ च्या खाली, पिवळा-हिरवा कफ, किंवा कालपर्यंत नीट बोलणारी आई असंबद्ध बोलायला लागली, तर तापाची वाट पाहू नका. वयस्क मधुमेह्यांत न्यूमोनिया असूनही ताप येत नाही असं बऱ्याचदा होतं. कारण न कळता शुगर अचानक चढायला लागली, तरी संसर्गाचा संशय घ्यायचा. सुट्टी झाल्यावर हे घरी दिसलं तर गावात "पावरचं" इंजेक्शन घेऊन दोन दिवस काढू नका. १०८ ला फोन करून जिथे एक्स-रे आणि ऑक्सिजन आहे तिथे जा.

थांबायचं कधी नाही तेही सांगतो. या महिन्यात थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, किंवा पोटात सतत कळ राहिली तर शुगर कितीही असो, लगेच जा. पित्ताशयात पू झाला असेल तर तो संसर्गच शुगर चढवत असतो, तो काढल्याशिवाय ती उतरत नाही. अशा वेळी आम्ही इन्सुलिनचा ड्रिप लावून काही तासांत जमेल तेवढी तयारी करतो. हेच मांडीचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागू आहे. तिथे शुगर साधत आठवडाभर पलंगावर ठेवलं तर न्यूमोनिया ऑपरेशनआधीच गाठतो.

खर्चाच्या चिंतेने हा महिना वाया जाऊ देऊ नका. शुगरची तपासणी आणि नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळतात. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधीच पक्कं करून घ्या. तुमच्या इथे आयसीयू नसेल, आणि आईला मधुमेहासोबत दमा किंवा हृदयाचा त्रासही निघाला, तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळचं सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचं मेडिकल यांपैकी सोयीचं ठिकाण निवडा. सुट्टी मिळताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: इन्सुलिन किती आणि कधीपर्यंत, बंद केलेली कोणती गोळी कोणत्या तारखेला पुन्हा सुरू करायची, आणि पहिल्या आठवड्यात शुगर दिवसातून किती वेळा तपासायची.